कंसातलं बोलायचं नाही!

एक गंमत सांगू? पण हसायचं नाही हं!

मी पाचवीत होते. शाळेचं स्नेहसंमेलन होतं आणि नाटकात मी राजा झाले होते. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, नाकाखाली डिंकाने चिकटवलेल्या मिश्या. पाठांतर एकदम चोख! पडदा उघडला. मी ऐटीत पुढे आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "राजा रागाने येरझारा घालतो! कोण आहे रे तिकडे?"

झालं! अख्खा हॉल खो खो हसायला लागला. प्रधान हसला, शिपाई हसला, आणि माझी डावी मिशी गळून पडली!

काय चुकलं, आलं ना लक्षात? 'राजा रागाने येरझारा घालतो' हे वाक्य वहीत कंसात लिहिलेलं होतं. ते बोलायचं नव्हतं, करायचं होतं!

आता ओळख पाहू, ही फजिती मी आज का सांगतेय?

कारण तुझ्या कॉम्प्युटरमध्ये एक नट बसलाय. तो दिवसभर नाटकाच्या वह्या वाचतो, पण कंसातलं वाक्य चुकूनही मोठ्याने बोलत नाही. निमूटपणे तसं करून दाखवतो. त्या नटाचं नाव ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी ही नावं ऐकली असशील ना? ते सगळे ब्राउझरच!

आणि तो जी नाटकाची वही वाचतो ना, ती लिहिण्याची एक भाषा आहे. तिचं नाव एचटीएमएल. आज आपण ती वही लिहायला शिकणार आहोत.

चोचीतले शब्द

इंटरनेटवर तू जे जे पान बघतेस किंवा बघतोस, क्रिकेटचा स्कोअर असो, रेल्वेचं वेळापत्रक असो नाहीतर वाघाची माहिती, त्या प्रत्येक पानामागे साधा मजकूर असतो. हो, साधी अक्षरं! आणि त्या अक्षरांच्या अधेमधे असतात सूचना.

सूचना ओळखायची कशी? सोपं आहे. गणितात लहान-मोठं दाखवायला आपण दोन चिन्हं वापरतो. हे < आणि हे >. चिमणीच्या उघड्या चोचीसारखी दिसतात बघ! या दोन चोचींच्या मध्ये जे लिहिलं, ती सूचना. तिला म्हणतात टॅग.

हा बघ एक टॅग: <पी>

पी म्हणजे पॅरेग्राफमधला पी. पॅरेग्राफ म्हणजे परिच्छेद. ब्राउझर हा टॅग वाचतो आणि मनात म्हणतो, "अच्छा, इथून नवा परिच्छेद सुरू!" पण तो पडद्यावर 'पी' छापतो का? छे! कंसातलं बोलायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

परिच्छेद संपला की काय? मग हा टॅग: </पी>

नीट बघ. फरक एवढाच, की आत एक तिरकी रेघ आली. तिरकी रेघ म्हणजे 'संपलं!' डब्याला जसं झाकण, तसा हा झाकणटॅग.

म्हणजे पूर्ण ओळ अशी होईल:

<पी>आज आमच्याकडे पन्हं आहे.</पी>

आणि पडद्यावर दिसेल फक्त: आज आमच्याकडे पन्हं आहे.

थांब, एक महत्त्वाची गोष्ट! इथे मी टॅगची अक्षरं देवनागरीत छापली आहेत. कॉम्प्युटरवर मात्र ती इंग्रजीत टाइप करायची. <एच1> असं दिसलं, तर इंग्रजी एच आणि इंग्रजी आकडा एक. स्पेलिंग अडलं तर ताईला, दादाला नाहीतर शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना विचार.

आणि देवनागरीतच <पी> टाइप केलं तर? गंमत होते! उघडणाऱ्या टॅगमध्ये पहिल्या चोचीला चिकटून इंग्रजी अक्षर आलं, तरच ब्राउझर त्याला टॅग मानतो. 'पी' मराठीत दिसलं, की त्याला वाटतं हे बोलायचं वाक्य आहे. आणि तो ते जसंच्या तसं पडद्यावर छापून टाकतो. माझ्यासारखीच फजिती!

लाल पेनातली भाषा

एचटीएमएल हे केवढं अवघड नाव! पूर्ण रूप आहे 'हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज'. घाबरू नकोस. एकेक शब्द सोलूया, शेंग सोलतो तसा.

लँग्वेज म्हणजे भाषा. हे तर तुला माहीतच आहे.

मार्कअप म्हणजे खुणा करणं. हा शब्द आला छापखान्यातून! पूर्वी पुस्तक छापायच्या आधी संपादक हस्तलिखितावर पेनाने खुणा करायचे. 'हे ठळक छापा.' 'इथे नवा परिच्छेद.' मग छापखान्यात शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे जुळवणारे काका त्या खुणा वाचायचे आणि तसं करायचे. पण त्या खुणा पुस्तकात छापायचे का? मुळीच नाही! बघ, तेही आपल्या ब्राउझरसारखेच शहाणे नट!

आणि हायपरटेक्स्ट? म्हणजे उडी मारता येणारा मजकूर. सापशिडीत एखाद्या घरात पोचलं, की शिडीवरून थेट वरच्या घरात जातो ना आपण? तसंच. एका शब्दावर बोट ठेवलं, की थेट दुसऱ्या पानावर! त्या शिडीला म्हणतात लिंक. शिडी कशी बांधायची, ते पुढे सांगते.

चला, आजीच्या पन्ह्याचं पान करूया

नुसतं बोलून काय होणार? करूनच बघू. आजी कैरीचं पन्हं करते ना, त्याची कृती आपण वेबपानावर मांडूया. अख्खं पान असं दिसेल:

<!डॉक्टाइप एचटीएमएल>
<एचटीएमएल लँग="एमआर">
<हेड>
<मेटा चारसेट="यूटीएफ-8">
<टायटल>आजीचं पन्हं</टायटल>
</हेड>
<बॉडी>
<एच1>कैरीचं पन्हं</एच1>
<पी>उन्हातून आल्यावर गारेगार प्या!</पी>
<ओएल>
<एलआय>दोन कैऱ्या उकडा.</एलआय>
<एलआय>गर काढून त्यात गूळ कालवा.</एलआय>
<एलआय>गार पाणी घालून ढवळा.</एलआय>
</ओएल>
</बॉडी>
</एचटीएमएल>

बाप रे, केवढं हे! असं वाटलं ना? एकेक डबा उघडून बघू.

सगळ्यात वरची ओळ म्हणजे ब्राउझरला 'नमस्कार, हे एचटीएमएलचं पान आहे' असं सांगणं. मग मोठ्ठा डबा: एचटीएमएल. त्याच्या आत दोन डबे: हेड आणि बॉडी. हेड म्हणजे डोकं. बॉडी म्हणजे अंग.

डोक्यातलं कुणाला दिसतं का? नाही ना! तसंच हेडमधलं पानावर दिसत नाही. टायटल मात्र डोकावतं, पण कुठे? ब्राउझरच्या अगदी वरच्या पट्टीवर! वहीवर आपण नाव-इयत्तेचं लेबल लावतो ना, ते हे लेबल.

पानावर जे दिसतं, ते सगळं बॉडीमध्ये.

एच1 म्हणजे सर्वांत मोठं शीर्षक. एच म्हणजे हेडिंग. मग एच2 त्याहून छोटं, एच3 आणखी छोटं. कुठपर्यंत असतील? अंदाज कर! दहा? शंभर? नाही, फक्त सहा! एच6 ला मामला संपला. प्रार्थनेच्या रांगेत जशी मुलं उंचीप्रमाणे उभी राहतात, तशीच ही सहा भावंडं. फक्त इथे सर्वांत उंच मूल पहिलं!

आपोआप नंबर!

आता खरी जादू. ओएल बघितलंस? ओएल म्हणजे क्रमवार यादी. आणि एलआय म्हणजे त्या यादीतली एकेक गोष्ट.

नीट बघ, मी कुठेही 1, 2, 3 लिहिलेलं नाही. तरी पडद्यावर काय दिसेल? 1. दोन कैऱ्या उकडा. 2. गर काढून त्यात गूळ कालवा. 3. गार पाणी घालून ढवळा. नंबर ब्राउझरने स्वतः घातले!

एवढ्यात आजी आतून ओरडली, "अगं, वेलदोड्याची पूड राहिली की!"

वहीत लिहिलं असतं तर? खाडाखोड! तीनचा चार करा, खोडरबर आणा. इथे मात्र गूळ आणि पाणी यांच्या मध्ये फक्त एक नवी एलआय ओळ घालायची. खालचे नंबर आपोआप सरकतात. खोडरबराची गरजच नाही!

नंबरऐवजी नुसते टिपके हवेत? मग ओएलच्या जागी यूएल लिही. उघडणाऱ्या टॅगमध्ये आणि झाकणटॅगमध्येही. बास! ते एक अक्षर बदललं, की नंबर गायब आणि टिपके हजर.

ब्राउझरच्या खोड्या

नट कितीही शहाणा असला, तरी त्याच्या काही खोड्या असतातच. ब्राउझरच्या तीन खोड्या सांगते.

पहिली खोडी. दोन शब्दांच्या मध्ये तू पन्नास वेळा स्पेसबार दाबलास, तर पडद्यावर किती जागा सुटेल? फक्त एका स्पेसची! मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा कसा म्हणतो, "जरा सरका हो"? तसं ब्राउझर सगळ्या शब्दांना सरकवून जवळ जवळ बसवतो. एंटर दाबून ओळ बदललीस, तरी तो ऐकत नाही. खरंच नवी ओळ हवी असेल, तर <बीआर> हा टॅग द्यायचा. आणि या टॅगला झाकण नसतंच! कारण त्याच्या आत ठेवायला काही नाही. रिकाम्या डब्याला झाकण कशाला?

दुसरी खोडी. ठळक अक्षरांसाठी <बी> टॅग असतो. तो उघडलास आणि झाकण लावायला विसरलास, तर? नळ उघडा राहिल्यासारखं होतं. ठळकपणा वाहतच राहतो, खालच्या ओळींतही शिरतो! म्हणून डबा उघडला, की झाकण आधी तयार ठेवायचं. आणि डब्यात डबा असेल, तर आतल्या डब्याचं झाकण आधी लावायचं, बाहेरच्याचं नंतर.

तिसरी खोडी सर्वांत गोड! तू चुकलास तरी ब्राउझर रागावत नाही. मनाने एखादा टॅग बनव. इंग्रजी अक्षरांत <आंबा> असं लिही आणि पुढे 'हापूस' हा शब्द लिही. असा टॅग कुठेच नाही. पण ब्राउझर 'चूक! चूक!' असं ओरडत बसत नाही. तो टॅग मुकाट्याने सोडून देतो आणि 'हापूस' तेवढं दाखवतो. पेपर तपासणाऱ्या सगळ्यांचा स्वभाव असा असता तर!

आता एक कोडं. पानावर <पी>2 + 3</पी> असं लिहिलं, तर काय दिसेल?

पाच?

चूक! '2 + 3' असंच दिसेल. एचटीएमएलला बेरीज येत नाही! तिचं काम फक्त सांगायचं: हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. पानाला रंगीत कपडे घालणारी भाषा वेगळी, तिचं नाव सीएसएस. बेरजा करणारी, बटणं हलवणारी भाषा आणखी वेगळी, तिचं नाव जावास्क्रिप्ट. पण आधी नाटक लिहून झालं पाहिजे. कपडेपट नंतर!

'बंद करू नका!!'

ही वही लिहायची युक्ती सुचली कुणाला? ओळख पाहू, कुणा मोठ्या कंपनीच्या मालकाला?

नाही! ती सुचली टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसाला. त्याचा जन्म 1955 मध्ये लंडनला झाला. त्याचे आई आणि बाबा दोघेही कॉम्प्युटरवर काम करायचे. तेही केव्हा, तर 1950 च्या दशकात! तेव्हा एक कॉम्प्युटर म्हणजे लोखंडी कपाटांची रांगच असायची. लहानपणी टिम खेळण्यातल्या आगगाडीशी खटपट करायचा. त्यातूनच त्याला इलेक्ट्रॉनिक्सची गोडी लागली.

मोठा झाल्यावर तो 'सर्न' या संस्थेत काम करू लागला. सर्न आहे स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा शहराजवळ, फ्रान्सच्या अगदी सीमेवर. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ अणूपेक्षाही बारीक कणांचा अभ्यास करतात.

पण तिथे एक भारी पंचाईत होती. प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा! एकाची माहिती दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडेचना. जणू वर्गात प्रत्येकाच्या वहीला वेगळं कुलूप आणि किल्ल्या सगळ्या हरवलेल्या!

टिमने 1989 च्या मार्चमध्ये एक योजना लिहून साहेबांना दिली. सगळी माहिती शिड्यांनी एकमेकींना जोडायची, अशी ती योजना. साहेबांचं नाव माइक सेंडल. त्यांनी कागदावर शेरा काय मारला असेल? 'धूसर आहे, पण भन्नाट आहे' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द! तुझ्या निबंधावर बाईंनी असा शेरा मारला, तर तू खूश होशील की रुसशील?

टिम काही रुसला नाही. 1990 मध्ये त्याने पहिला ब्राउझर बनवला, पानं साठवून पाठवणारा पहिला सर्व्हर बनवला आणि एचटीएमएलही बनवली. जगातली सगळी वेबपानं, म्हणजे किती? मोजकीच! आणि ती सगळी राहायची टिमच्या एकाच कॉम्प्युटरवर. कुणी चुकून तो बंद केला, तर शिड्यांनी जोडलेलं ते अख्खं जाळं, म्हणजे वेब, बंद! म्हणून त्याने कॉम्प्युटरवर एक चिठ्ठी चिकटवली. लाल शाईत लिहिलं: 'हे यंत्र सर्व्हर आहे. बंद करू नका!!'

आई नाही का सांगून जात, "दूध तापत ठेवलंय, लक्ष ठेव गं!" अगदी तसंच!

1991 मध्ये टिमने टॅगची यादी सगळ्यांना दाखवली. त्यात किती टॅग होते माहितीये? फक्त 18! तुझ्या वर्गातली मुलंसुद्धा त्याहून जास्त असतील. आज टॅग शंभराच्या वर आहेत. पण शीर्षक, याद्या आणि शिडी ही त्या पहिल्या यादीतलीच मंडळी. अजून रोज शाळेत हजर!

आणि सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने जाहीर केलं, की वेब कुणीही वापरा, फुकट! ना फी, ना परवानगी. म्हणूनच तर तुला आज आजीच्या पन्ह्याचं पान करताना कुणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही.

शिडी आणि चित्र

शिडी बांधायला शिकायचं होतं ना? तिचा टॅग अगदी छोटा: <ए>. ए म्हणजे अँकर, म्हणजे नांगर. शेतातला नाही हं, जहाजाचा!

<ए एचआरईएफ="मामी.एचटीएमएल">मामीची कृती</ए>

इथे टॅगच्या पोटात आणखी काहीतरी आहे, दिसलं? एचआरईएफ म्हणजे 'शिडी कुठे जाते' त्याचा पत्ता. पानावर मात्र दिसेल फक्त 'मामीची कृती', बहुतेक निळ्या अक्षरांत आणि खाली रेघ मारलेली. त्यावर बोट ठेवलं, की भुर्रर्र... मामीच्या पानावर!

आणि चित्र? आता हे ऐकून चाट पडशील. त्या पहिल्या 18 टॅगमध्ये चित्राचा टॅगच नव्हता! 1993 च्या फेब्रुवारीत मार्क अँड्रीसन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने तो सुचवला. तो आहे <आयएमजी>, म्हणजे इमेजचं आखूड नाव. बघ:

<आयएमजी एसआरसी="कैरी.जेपीजी" एएलटी="पाटीत ठेवलेल्या दोन हिरव्या कैऱ्या">

एसआरसी म्हणजे चित्राची फाइल कुठली ते. या टॅगलाही झाकण नाही. पण एएलटी कशाला?

डोळे मीट बघू. आता वाच हे पान. जमेल?

ज्या मुलांना दिसत नाही, तीही कॉम्प्युटर वापरतात! त्यांच्याकडे पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. ते चित्रापाशी आलं, की एएलटीमधलं वाक्य मोठ्याने वाचतं: 'पाटीत ठेवलेल्या दोन हिरव्या कैऱ्या.' त्या मुलांना चित्र कानांनी दिसतं! आणि वर एचटीएमएल टॅगमध्ये लँग="एमआर" लिहिलं होतं, आठवतं? एमआर म्हणजे मराठी. त्यामुळे त्या सॉफ्टवेअरला कळतं, की हे पान मराठी आवाजात वाचायचं आहे.

'क'चा हजेरी नंबर

हेडमध्ये एक विचित्र ओळ होती. मेटा चारसेट यूटीएफ-8. ती नसली तर काय बिघडेल?

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून जगभरच्या अक्षरांचा एक मोठ्ठा हजेरीपट आहे. त्याचं नाव युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर! 'क'चा नंबर 2325. 'ख' 2326. 'ग' 2327. आणि आपला लाडका 'ळ'? 2355!

खोटं वाटतं? मग पानावर हे टाइप कर, आकडे इंग्रजीत हं: &#2310;&#2312;

पडद्यावर काय उमटेल? 'आई'!

खरंच! 2310 म्हणजे आ, 2312 म्हणजे ई. मराठी कीबोर्ड नसला, तरी आकड्यांनी आईला हाक मारता येते.

यूटीएफ-8 म्हणजे हे नंबर फाइलमध्ये कसे साठवायचे, त्याची पद्धत. साध्या इंग्रजी अक्षराला एक खुर्ची लागते, आपल्या देवनागरी अक्षराला तीन! चारसेटची ओळ नसली, तर ब्राउझर गोंधळू शकतो. तीन खुर्च्यांवर ऐसपैस बसलेल्या 'क'ला तो तीन वेगळी अक्षरं समजतो. मग पानभर मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी काडी असलेले इंग्रजी 'ए' आणि कसलीकसली चिन्हं नाचू लागतात. असं पान कधी पाहिलं असशील, तर आता तुला त्याचं कारण माहीत आहे!

आता तुझी पाळी

काय काय लागेल? इंटरनेट? नाही! महागडं सॉफ्टवेअर? तेही नाही! विंडोजच्या कॉम्प्युटरवर नोटपॅड असतंच. ते उघड. पन्ह्याचं पान टाइप कर. मग सेव्ह करताना नीट लक्ष दे: फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल हवं. आणि खालच्या चौकटीत 'ऑल फाइल्स' निवड. नाहीतर नोटपॅड गुपचूप शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवतं आणि पान काही केल्या ब्राउझरमध्ये उघडत नाही!

आता त्या फाइलवर दोनदा टिचकी मार.

उघडलं? ते बघ तुझं पहिलं वेबपान! हे पान अजून फक्त तुझ्याच कॉम्प्युटरवर आहे बरं का. जगाला दाखवायचं, तर ते सर्व्हरवर ठेवावं लागतं, टिमने ठेवलं होतं तसं. ते घरच्या मोठ्यांना विचारून मग करता येईल.

दुसऱ्यांच्या नाटकाची वही बघायचीये? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये कुठलंही पान उघड आणि कंट्रोल व यू ही दोन बटणं एकत्र दाब. पडदा बाजूला! सगळे टॅग समोर! मोठाल्या पानांच्या वह्या फार गुंतागुंतीच्या असतात, पण त्यात पी, ए, एलआय ही आपली मंडळी शोधून काढ. टिमच्या पहिल्या पानाची जुनी प्रत तर सर्नने आजही जपून ठेवलीये. इतकी जुनी, तरी आजच्या ब्राउझरमध्ये छान उघडते!

जाता जाता एक गुपित. चिठ्ठी लपवायची जागा सांगते. हे असं लिहायचं:

<!-- मनीला: पन्हं फ्रिजमध्ये मागच्या बाजूला आहे -->

ही चिठ्ठी पानावर अजिबात दिसत नाही. ज्याला कंट्रोल आणि यू माहीत आहे, त्यालाच सापडते. पण आता ही युक्ती तुलाच काय, हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक झाली. तेव्हा खरंखुरं गुपित तिथे कधीही लिहू नकोस!

चल, पळ आता. नोटपॅड उघड, पहिली चोच टाइप कर. आणि पान तयार झालं, की घरातल्यांना बोलावून वाचून दाखव.

फक्त, कंसातलं तेवढं मोठ्याने वाचू नकोस!